स्टेमच्या डोक्यावरचा बोल्ट

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत पुरी करायची असते, सहाशेची चाळीस तासांत. एवढा वेळ सायकल कॉम्प्युटरच्या ज्या पडद्यावर वेग, चढ आणि पुढचं वळण बघायचं, तो नजरेच्या टप्प्यात हवा. 1895 साली अमेरिकेतल्या कर्टिस व्हीडरनं चाकाच्या फेऱ्या मोजणारं यंत्र केलं, तेव्हा ते पुढच्या चाकाच्या आसाशी बसायचं आणि आकडा वाचायला वाकावं लागायचं. आता कॉम्प्युटर वर आला, तरी रबरी कड्यांनी बांधला की खडबडीत रस्त्यावर हळूहळू फिरतोच.

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावी कॉम्प्युटर बसवायचा हव्या त्या मापाचा माउंट दुकानात मिळणं अवघडच. पण वेल्डिंगवाल्याकडचं ड्रिल, कानस आणि 3 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी एवढ्यात तो घडवता येतो. प्रश्न आहे तो पट्टी कुठे अडकवायची हा.

हँडल आणि चिमटा यांना जोडणारा तुकडा म्हणजे स्टेम. त्याच्या तोंडावरचे बोल्ट हँडल धरून ठेवतात, मागचे दोन आडवे बोल्ट चिमट्याची नळी आवळतात. डोक्यावरच्या टोपीतला बोल्ट मात्र फक्त बेअरिंगचा ढिलेपणा काढण्यापुरता असतो. आडवे बोल्ट एकदा आवळले की त्याचं काम संपतं. म्हणून माझं ठाम मत आहे की पट्टी या टोपीखालीच द्यावी. आडवे बोल्ट घट्ट असताना टोपीचा बोल्ट काढला तर काही बिघडत नाही. पट्टीच्या जाडीइतका जास्त लांब एम-6 बोल्ट घेऊन तो परत बसवायचा. तोंडावरच्या एम-5 बोल्टखाली पट्टी दिली तर तेवढेच आटे कमी धरतात, आणि भरधाव उतारावर हँडल सुटण्याची जोखीम कुणी घेऊ नये. गावातल्या जुन्या काळ्या सायकलींना हा नियम लागू नाही. त्यांच्या स्टेममधला उभा बोल्टच आतली पाचर ओढून हँडल धरतो, त्याला हात लावू नये. तिथे स्टेमच्या आडव्या भागावर क्लॅम्प बरा.

पट्टी आखूड ठेवावी. लांब पट्टी थरथरते आणि वाकवलेल्या जागी तडकते. वाकवतानाही कोपरा काटकोनात मोडू नये, गोलाई ठेवावी. पाव फेरी फिरवून अडकणारी बैठक सुटी मिळते, ती दोन स्क्रूंनी पट्टीवर बसवावी. गार्मिन आणि वाहू या कंपन्यांच्या बैठकी सारख्या दिसल्या तरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत, तेव्हा आधी कॉम्प्युटर हातात घेऊन ताडून बघावं.

पुण्या-मुंबईचे सायकलवाले थ्री-डी प्रिंटरवर माउंट छापून घेतात. छापायचाच असेल तर पीएलए प्लास्टिक टाळावं. ते साठेक अंशांना मऊ पडतं, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवरचं काळं प्लास्टिक तिथवर तापू शकतं. पीईटीजी किंवा एएसए टिकतं. थर कोणत्या दिशेनं पडतात हेही पाहावं, कारण बैठकीचे कान थरांच्या जोडावरच तुटतात.

पहिल्या राइडनंतर टोपीचा बोल्ट पुन्हा तपासावा, पण कचकचून आवळू नये. आडवे बोल्ट सैल असताना तसं केलं तर बेअरिंग जाम होऊन हँडल जड फिरतं. कॉम्प्युटर सुटला तरी पडू नये म्हणून पट्टीला एक जादा भोक पाडून त्यातून बारीक दोरी ओवावी आणि तो तिला बांधावा.