जुना पोशाख पुन्हा शिवताना

कोरियन स्त्रीचा पारंपरिक पोशाख म्हटला की आखूड, चोळीवजा 'जोगोरी' आणि छातीपासून खाली येणारा घोळदार 'चिमा' डोळ्यांपुढे येतो. जोसन राजवट (१३९२ ते १९१०) पाच शतके टिकली. एवढ्या काळात पोशाख असाच होता काय? जुने कपडे नव्याने शिवणाऱ्याला हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

जमिनीत पुरलेले कापड सहसा कुजते. परंतु जोसन काळातील प्रतिष्ठित घराण्यांत शवपेटीभोवती चुना, वाळू आणि माती यांचे मिश्रण ठासून भरत. झाडांची मुळे, किडे व चोर यांना अटकाव व्हावा, हा त्यामागचा हेतू. मिश्रण दगडासारखे घट्ट झाले की हवा-पाणी आत शिरणे कठीण होई आणि कुजण्याची क्रिया मंदावे. पेटीतील मोकळी जागा भरण्यासाठी वापरातले कपडेही घालत, तेही टिकले. १९९८ साली आन्दोंग येथे यी उंग-ते यांच्या थडग्यात कपड्यांबरोबर त्यांच्या पत्नीने १५८६ मध्ये लिहिलेले पत्रही सापडले.

अशा कपड्यांची मापे घेतल्यावर उत्तर मिळाले. सोळाव्या शतकात स्त्रियांची जोगोरी सैल आणि कमरेपर्यंत किंवा त्याखाली पोचणारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची लांबी सुमारे २० सेंटिमीटर उरली. म्हणजे आपल्या डोळ्यांपुढचे चित्र या राजवटीच्या उत्तरकाळाचे आहे.

थडग्यातील कापडाचे रंग मात्र बहुधा तपकिरी पडतात. त्यासाठी दरबारी समारंभांच्या 'उइग्वे' नावाच्या सचित्र नोंदी पाहाव्या लागतात आणि रंगवण्याच्या जुन्या कृती करून पाहाव्या लागतात. लाल रंग करडईच्या फुलांपासून काढीत. फुले पाण्यात धुतली की पिवळा रंग निघून जातो. उरलेल्या पाकळ्यांतील लाल रंग पाण्यात विरघळत नाही, पण राखेच्या निवळीत, म्हणजे अल्कलीत, उतरतो. त्यात आंबट रस घातला की तो कापडावर बसतो. आम्ल-अल्कली शिकवताना राखेची निवळी आणि लिंबाचा रस घेऊन हा प्रयोग वर्गात करता येईल. करडई आपल्याकडेही पिकते.

एक अडचण उरतेच. चुन्याचे थडगे खर्चाचे काम असल्याने टिकलेले कपडे बहुतांशी उच्चवर्गीयांचे आहेत. शेतकरी, कारागीर यांच्यासाठी अठराव्या शतकातील किम होंग-दो यांची कुस्ती, पाठशाळा, मळणी अशी चित्रे उपयोगी पडतात. पण चित्रात शिवणीची आतली बाजू दिसत नाही.