डाग की दोष? दीड लाखाची चाकं आणि माझे पाच कुरूप नमुने



मागच्या महिन्यात एका मित्राचा रात्री साडेअकराला फोन आला. "अगं, तू कार्बन फायबरवर पीएचडी करतेस ना? मग उद्या सकाळी घरी ये. दीड लाख बुडाले बहुतेक." दोन वर्षं पैसे साठवून त्याने सायकलसाठी कार्बनची नवी चाकं मागवली होती. पन्नास मिलिमीटर खोलीची रिम, डिस्क ब्रेक, काळा उघडा कार्बन, वर फक्त पातळ क्लिअर कोट. खोकं उघडलं आणि पुढच्या चाकावर टाचणीच्या टोकाएवढी पाच-सहा भोकं दिसली. एका जागी पट्टा बाकीच्यापेक्षा गडद होता. मागच्या चाकावर एक बारीक रेघ. विक्रेत्याला फोटो पाठवले तर एका ओळीचं उत्तर आलं: हे फक्त दिसण्यापुरतं आहे, ताकदीवर परिणाम नाही. परत करायची मुदत सात दिवस, त्यातले दोन गेलेले. आणि गडी याच चाकांवर ताम्हिणी उतरणार होता.

त्याचा प्रश्न सरळ होता, "वापरू की परत करू?" माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. पण ते कसं शोधायचं हे सांगता येईल, आणि तुमच्यातले जे पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताहेत त्यांना यात बरंच काही सापडेल.

आधी ही रिम बनते कशी ते बघू. कार्बनचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षा बराच बारीक. असे हजारो तंतू एका दिशेने पसरून त्यांना अर्धवट पिकलेलं इपॉक्सी रेझिन लावतात. या चिकट चादरीला प्रीप्रेग म्हणतात. प्रीप्रेगचे ठरावीक आकाराचे तुकडे कापायचे, धातूच्या साच्यात हाताने एकावर एक, ठरलेल्या कोनांत बसवायचे, आत एक फुगा ठेवायचा, साचा बंद करून तापवायचा आणि फुग्यात हवा भरायची. रेझिन आधी पातळ होऊन वाहतं, मग कडक होतं. हो, हाताने. दीड लाखाच्या वस्तूत कुणीतरी बसून, लाटलेली पोळी तव्यावर टाकावी तसा एकेक तुकडा लावलेला असतो. चादर कुठे किंचित तिरकी बसते, कुठे दोन तुकड्यांच्या मध्ये फट राहते, कुठे साचा आणि पहिला थर यांच्यात हवेचा बुडबुडा अडकतो. तो बुडबुडा म्हणजेच मित्राला दिसलेली टाचणीची भोकं.

गडद पट्ट्याची गोष्ट वेगळी. मखमलीवरून हात फिरवलात की एका दिशेला ती उजळ दिसते आणि उलट दिशेला काळी. कापड तेच, लव आणि प्रकाश यांच्यातला कोन बदलतो. एकदिश कार्बनचंही तसंच. वरच्या थरातला एखादा तुकडा चार-पाच अंशांनी फिरला तरी डोळ्याला तो ठळकपणे वेगळा दिसतो. आपला डोळा या बाबतीत फारच चोखंदळ आहे. पदार्थाला तेवढं वाटतं का, हा पुढचा प्रश्न.

इथे एक गंमत आहे. महाग चाकांवर असे डाग जास्त दिसतात. वजन वाचवायला त्यांवर रंग नसतो, सजावटीचा विणलेला थर नसतो, त्यामुळे आतलं बांधकाम जसं असेल तसं समोर येतं. स्वस्त रिमवर तेच बुडबुडे पुट्टीने भरून वर जाड काळा रंग मारला की सगळं गुळगुळीत. तेव्हा 'एवढे पैसे दिले तरी डाग' ही तक्रार माणूस म्हणून मला पूर्ण पटते, पण पदार्थविज्ञान म्हणून तिच्यातून फारसं काही निघत नाही.

आता कागद-पेन घ्या. पाच अंशांचा तिरकेपणा किती महाग पडतो? एकदिश कार्बन-इपॉक्सीचा तंतूंच्या दिशेतला ताठपणा साधारण १३५ गिगापास्कल, आडवा ९.५, शिअरचा ५, आणि पॉयसन गुणोत्तर ०.३ धरा. कंपोझिटच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही प्रकरणांतच असलेलं कोनाचं समीकरण वापरलं की ५ अंशांना ताठपणा सुमारे ११४ गिगापास्कल येतो, म्हणजे १६ टक्क्यांची घट. १० अंशांना तो ७८ वर येतो, ४२ टक्क्यांची घट. आकडा भीतिदायक आहे ना? पण हा एका थराचा हिशेब.

रिमच्या भिंतीत असे थर किती? कंपनी सांगत नाही, पण वजनावरून अंदाज लागतो. मित्राची नुसती रिम सुमारे ४५० ग्रॅमची. घनता १.५५ धरली तर आकारमान २९० घन सेंटिमीटर. रिमचा घेर सरासरी १८५ सेंटिमीटर. भागाकार केला की काटछेदाचं क्षेत्रफळ १५७ चौरस मिलिमीटर मिळतं. काटछेदाची परिमिती दोऱ्याने मोजली, ती जेमतेम १५० मिलिमीटर भरली. म्हणजे भिंत सरासरी एक मिलिमीटरची, आणि प्रीप्रेगचा एक थर पिकल्यावर सुमारे ०.१५ मिलिमीटर धरला तर सहा-सात थर. सातातला एक थर १६ टक्क्यांनी ढिला पडला, तर सगळे एकाच दिशेचे मानूनही एकूण घट दोन टक्क्यांच्या आसपास. (मुलाखतीत असा अंदाज फळ्यावर करून दाखवता आला तर पॅनेल खूश होतं, हा स्वानुभव.)

पण ताठपणा म्हणजे ताकद नाही. रिमवर मुख्य भार दाबाचा असतो. सगळे स्पोक तिला केंद्राकडे खेचतात, त्यामुळे रिम स्वतःच्या वर्तुळातच आवळली जाते. स्पोकची संख्या गुणिले प्रत्येकाचा ताण, भागिले दोन पाय, हा तो दाब. २४ स्पोक आणि प्रत्येकी ११०० न्यूटन ताण धरला तर सुमारे ४२०० न्यूटन, म्हणजे साधारण ४३० किलोंचा भार, चाक नुसतं भिंतीला टेकवून ठेवलेलं असतानाही.

आणि कार्बन कंपोझिट दाबाखाली तंतूंच्या सरळपणाबद्दल भलतंच हळवं असतं. ओढताना किंचित वाकडा तंतू सरळ होतो; दाबताना तो आणखी वाकतो आणि आजूबाजूच्यांना घेऊन घडी पडल्यासारखा कोसळतो. याचं साधं गणित १९७२ मध्ये आर्गन यांनी मांडलं आणि १९८३ मध्ये बुडियान्स्की यांनी ते पुढे नेलं. दाबाखालची ताकद काढायला रेझिनची शिअर-मर्यादा घ्यायची आणि तिला एका बेरजेने भागायचं. बेरीज अशी: त्या मर्यादेला होणारं शिअर-विरूपण अधिक तंतूंचा मूळचा तिरकेपणा, रेडियनमध्ये. शिअर-मर्यादा ५५ मेगापास्कल आणि विरूपण ०.०११ धरून बघा. तिरकेपणा २ अंश असेल तर सुमारे १२०० मेगापास्कल, ५ अंश असेल तर ५६०. तीन अंशांत ताकद निम्म्याहून खाली!

इथपर्यंत आल्यावर मित्राचा चेहरा पडला. पण थांबा, भार किती आहे तेही बघायला हवं. ४२०० न्यूटन भागिले १५७ चौरस मिलिमीटर म्हणजे जेमतेम २७ मेगापास्कल. ५६० च्या समोर २७. नुसत्या स्पोकच्या ताणाने ही रिम कोसळणार नाही, मग तो पट्टा कितीही काळा असो. रिम फुटते ती दुसरीकडे. खड्ड्याची धार टायरच्या कडेवर आदळते तिथे, स्पोकच्या भोकाभोवती ताण एकवटतो तिथे, आणि जुन्या रिम-ब्रेकच्या चाकांत उतारावर ब्रेक तापून रेझिन मऊ पडतं तिथे. म्हणजे 'डाग किती मोठा' याच्याआधी 'डाग कुठे आहे आणि त्या जागेवर कोणता भार येतो' हे विचारावं लागतं.

दुसरा मुद्दा खोलीचा. टाचणीचं भोक क्लिअर कोट आणि पहिल्या थराच्या वरच्या रेझिनपुरतं असेल तर ते निरुपद्रवी. तेच बुडबुडे आत, दोन थरांच्या मध्ये असले की बात बदलते. थरांमधली शिअर-ताकद दर एक टक्का पोकळीमागे सुमारे सात टक्क्यांनी घटते, हा जड आणि राइट यांच्या १९७८ च्या आढाव्यातला आकडा आजही सगळे वापरतात. तसंच सुरकुतीचं. वरचा एकच थर तिरका असणं वेगळं आणि खालचे सगळे थर मिळून लाट तयार होणं वेगळं. वरून दोन्ही सारखीच दिसू शकतात.

दाबाखालची सुरकुती किती गांभीर्याने घ्यायची, यासाठी टायटन पाणबुडी आठवा. १८ जून २०२३ ला टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना तिचं कार्बन फायबरचं नळकांडं कोसळलं आणि आतली पाचही माणसं गेली. नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तुकडे तपासले, तेव्हा थरांत सुरकुत्या, सच्छिद्रता आणि पोकळ्या आढळल्या. सायकलच्या चाकाशी तिची थेट तुलना करणं बरोबर नाही, भारच वेगळ्या जगातले आहेत. पण 'सुरकुती म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न' हे वाक्य ऐकलं की मला ती आठवते खरी.

आणि याच्या उलटही घडतं. विमानांच्या क्षेत्रात 'जेमतेम दिसणारी आघात-हानी' अशी एक अधिकृत संज्ञाच आहे. कार्बनच्या पॅनेलवर हातातून पाना पडला, वर जवळजवळ काहीच दिसत नाही, पण आत थर सुटलेले असतात. म्हणून असं नुकसान न दिसता राहिलेलं असेल हे गृहीत धरूनच विमानाची रचना करतात. चकचकीत पृष्ठभाग हा निर्दोषपणाचा पुरावा होत नाही.

आता माझी फजिती सांगते, कारण ही पोस्ट खरं तर तिच्यासाठीच आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी आघातानंतरच्या दाब-चाचणीसाठी नमुने कापले होते. त्यातले पाच कुरूप निघाले: कुणावर भोकं, कुणावर रेझिनचा डाग. मी ते खणात टाकले आणि उरलेल्यांची चाचणी केली. आकडे छान एकमेकांजवळ आले. मॅडमना आलेख दाखवला. त्या आधी काहीच बोलल्या नाहीत, मग विचारलं, "बाकीचे पाच कुठे आहेत?" मी म्हटलं, खराब होते. "खराब हे तुला चाचणीआधी कसं कळलं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी नेमकं त्या विक्रेत्याच्या उलट टोकाला उभी होते. तो न तपासता म्हणतो की डागाचा परिणाम नाही. मी न तपासता धरलं होतं की डागाचा परिणाम आहे. खणातले पाचही नमुने काढून चाचणी केली. चार बाकीच्यांच्या पल्ल्यातच बसले, एक खाली आला. पण सगळ्यात कमी ताकदीचा नमुना आधीच्या देखण्या गटातला होता. कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर आत रेझिनचा मोठा कप्पा. पाच नमुन्यांवरून कुठलाही नियम सांगता येत नाही, आणि मी सांगतही नाहीये. पण त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. नमुना कोणत्या कारणाने बाद करायचा हे चाचणीआधी वहीत तारखेसह लिहून ठेवते. आणि शक्य तिथे प्रत्येक नमुना मशीनवर चढण्याआधी अल्ट्रासाउंडच्या सी-स्कॅनखाली जातो, म्हणजे 'खराब' या शब्दाला एक चित्र मिळतं.

तुम्हाला यावर खरा प्रयोग आखायचा असेल तर डाग मुद्दाम तयार करावे लागतील. साच्यात ठरवून हवा अडकवा, एक थर मोजून तिरका लावा, बाकी सगळं तेच ठेवा. चाचणी करणाऱ्याला कोणता नमुना कुठला हे कळू देऊ नका. आणि दिसणाऱ्या डागाबरोबर आतलीही मोजणी ठेवा, कारण मूळ प्रश्न दोघांच्या नात्याचा आहे. हे नातं एका कारखान्यात, एका पद्धतीत घट्ट असेल आणि दुसरीकडे अजिबात नसेल, असंही होऊ शकतं.

त्या सकाळी मित्राच्या घरी यातलं काहीच नव्हतं. एक रुपयाचं नाणं होतं. नाण्याने हलकेच टकटक करत पूर्ण रिमवर फिरलो. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. ही पद्धत विमानांच्या देखभालीतही चालते, पण भिंतीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, त्यामुळे व्हॉल्व्हजवळ आणि स्पोकच्या भोकांजवळ फसायला होतं. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक भोकाची तुलना दुसऱ्या भोकाशीच केली, सपाट भागाशी नाही. मग टॉर्च अगदी तिरपा धरून बघितलं. पुढच्या चाकाचा काळा पट्टा नखाला लागतच नव्हता, प्रकाशाचा कोन बदलला की गायबही होत होता. भोकं सगळी बाजूच्या भिंतीवर, आवाज सगळीकडे सारखा.

मागच्या चाकाची रेघ मात्र नखाला अडकत होती. तिरप्या उजेडात तिची दोन्हीकडे सावली पडत होती, आणि ती स्पोकच्या एका भोकापासून निघून टायरच्या कडेकडे जात होती. आवाजात मला फरक वाटला, त्याला वाटला नाही. आत काय आहे ते सीटी स्कॅनशिवाय मी सांगू शकत नव्हते, आणि तसं त्याला सांगितलंही.

त्याने पुढचं ठेवलं. मागच्याचा तिरप्या उजेडातला व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवला आणि एकच प्रश्न विचारला: या जागी भोकाजवळच्या आतल्या थरांची तपासणी केली आहे का, केली असेल तर अहवाल पाठवा. अहवाल आला नाही. पाचव्या दिवशी चाक बदलून देतो असा निरोप आला. नवीन चाक अजून वाटेत आहे. ताम्हिणी सध्या जुन्या ॲल्युमिनियमवर.