पेपर इंग्रजीचा, समज मराठीची
परदेशी पदवी घेऊन परतलेल्या सीमाभागातील मुलांनी चाळणी परीक्षेचा अभ्यास कसा बदलावा?

सीमाभागातील खेड्यापाड्यांतून रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांत डॉक्टरकी शिकायला जाणारी मुले-मुली आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. सरकारी कॉलेजची जागा थोड्या गुणांनी हुकते, खासगी कॉलेजची फी आवाक्यात नसते. मग बाप जमीन तारण ठेवतो, आई दागिने मोडते आणि पोर परमुलखात जाते. सहा वर्षांनी ते पदवी घेऊन परतते. गावात त्याला सारे ‘डॉक्टर’ म्हणू लागतात, पण कायद्याच्या दृष्टीने ते अजून डॉक्टर झालेले नसते. मध्ये एक परीक्षा उभी असते. तिचे नाव फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन, म्हणजेच एफएमजीई. बोलीभाषेत तिला चाळणी परीक्षा म्हणतात, आणि ती खरोखरच चाळणी आहे.

ही परीक्षा २००२ सालापासून घेतली जाते. नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स ती वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी घेते. एका दिवसात ३०० प्रश्न असतात. दीडशे प्रश्नांचे दोन भाग आणि प्रत्येक भागाला १५० मिनिटे. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. हे ऐकायला सोपे वाटते. तरीही डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण शेकडा वीस-एकवीसच्या आसपास राहिले. म्हणजे पाचांतील चार जण मागे राहिले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात या परीक्षेच्या जागी ‘नेक्स्ट’ नावाची सामाईक परीक्षा आणण्याची तरतूद आहे. ती प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत या मुलांना हीच चाळणी पार करावी लागणार.

अभ्यासात भाषेचा खोडा

नापास झालेला मुलगा बहुधा पुन्हा तीच जाडजूड पुस्तके पहिल्या पानापासून उघडतो. सहा महिन्यांनी निकालही तोच लागतो. मेहनत कमी पडली असे घरचे म्हणतात. पण आपल्या भागातील मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासून पाहायला हवी, ती म्हणजे भाषा.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतो. पीयूसीला विज्ञान शाखेत गेला की एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे इंग्रजी होते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, पण ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. कर्नाटकातील केंद्रावर बसणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजीच धरावी लागते. पुढे परदेशात वर्गातले शिकवणे इंग्रजीत आणि वॉर्डातला रुग्ण रशियन किंवा तिथली स्थानिक भाषा बोलणारा. परत आल्यावर पेपर पुन्हा इंग्रजीत. या साऱ्या प्रवासात विषय समजून घेण्याची आणि तो बोलून दाखवण्याची जी भाषा, तिच्यात कोणी त्याला वैद्यक शिकवलेलेच नसते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग चालत असे, ही गोष्ट आज खोटी वाटावी!

म्हणून अभ्यास वाढवण्याआधी तो बदलावा लागतो. इंग्रजीपासून पळता येणार नाही, पण समज मराठीत बसवून तिला इंग्रजीची वाट दाखवता येते.

चुकांचे तीन ढीग करा

बोर्ड आपल्या प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करीत नाही. त्यामुळे पहिले काम म्हणजे एक पूर्ण सराव-परीक्षा घड्याळ लावून सोडवणे. नंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे. पहिला ढीग ‘येतच नव्हते’ असा. दुसरा ‘येत होते, पण प्रश्न कळला नाही’ असा. तिसरा ‘कळले, पण घाईत चुकले’ असा.

पहिल्या ढिगासाठी पुस्तक उघडावे लागते. दुसऱ्या ढिगासाठी पुस्तक वाचून काही उपयोग नाही, तिथे प्रश्न वाचण्याचाच सराव हवा. तिसरा ढीग वेळेच्या सरावाने कमी होतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने आपला दुसरा ढीग केवढा आहे हे एकदा प्रामाणिकपणे मोजून पाहावे.

एका प्रश्नाला एक मिनिट मिळते. रोग्याची पाच-सहा ओळींची हकिगत त्या मिनिटात वाचून, समजून उत्तर द्यायचे असते. २०२४ पासून प्रत्येक भागाचे कालबद्ध विभाग केले आहेत. एका विभागाची वेळ संपली की मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. म्हणून आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचावी, मग पर्याय आणि मग हकिगत. ‘एक्सेप्ट’, ‘इनिशिअल’, ‘कन्फर्मेटरी’, ‘नेक्स्ट स्टेप’ या शब्दांवर नजर थांबली पाहिजे. छातीत हवा कोंडून रोगी गुदमरत आहे आणि विचारले ‘नेक्स्ट स्टेप’, तर उत्तर एक्स-रे नव्हे, सुई घालून हवा मोकळी करणे हे आहे. विषय येत असूनही गुण जातो तो अशा ठिकाणी. वेळ संपत आली तर एकही प्रश्न कोरा ठेवू नये, कारण चुकल्याचा दंड नाही.

गुणांचा हिशेब

३०० गुणांपैकी १०० गुण पायाभूत विषयांना आणि २०० गुण रुग्णाशी थेट संबंध असलेल्या विषयांना आहेत. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांना प्रत्येकी १७. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूतीला ३० आणि सामाजिक वैद्यकाला ३०. या चार विषयांचेच १२५ गुण होतात. बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा यांचे प्रत्येकी १५ मिळवले की बेरीज १७० होते.

आता पाहा, अनेक मुले पहिले तीन महिने शरीररचनेत घालवतात आणि सामाजिक वैद्यक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. गणित इथेच बिघडते. त्यातही सामाजिक वैद्यकाचा मोठा भाग म्हणजे भारतातले आरोग्य कार्यक्रम, आणि परदेशी विद्यापीठात ते कोणी शिकवीत नाही. तो इथे येऊनच करावा लागतो. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बची लस, सहा, दहा व चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, हे सारे गावच्या आशाताईजवळच्या लसीकरण कार्डावर असते. तिच्याजवळ तासभर बसलेल्या मुलाला ते पाठ करावे लागत नाही. न्यायवैद्यकाचे १० गुण आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असल्याने जुन्या पुस्तकातली कलमे आता चालणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

गावचे ज्ञान कामाला लावा

एक नमुना घेऊ. खोपटात जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, दंशाची खूण धड दिसत नाही, सूजही नाही. कोणता साप? खानापूरच्या जंगलपट्टीतले पोर मराठीत ऐकले तर चटकन ‘मण्यार’ म्हणेल. पर्यायात ‘क्रेट’ असे लिहिलेले असते आणि ते अडखळते. त्याला रोग ओळखता आला, फक्त शब्द जुळला नाही.

यासाठी एक जोडवही करावी. डावीकडे मराठी, उजवीकडे परीक्षेतला शब्द. मण्यार – क्रेट, घोणस – रसेल्स व्हायपर, फुरसे – सॉ-स्केल्ड व्हायपर, नाग – कोब्रा. आपल्याकडची सर्पविषावरची लस याच चार सापांच्या विषावर चालते, हेही तिथेच लिहावे. घटसर्प – डिप्थीरिया, डांग्या खोकला – पर्टुसिस, धनुर्वात – टिटॅनस, काचबिंदू – ग्लॉकोमा, खरूज – स्केबीज. पिकावरचे औषध पोटात गेलेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. हे आपल्या गावांना नवे नाही. त्यापुढे ‘ऑर्गॅनोफॉस्फरस’ आणि ‘अ‍ॅट्रोपिन’ हे दोन शब्द लिहिले की प्रश्न सुटला.

माकडतापाचेही तसेच. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला, पुढे गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गपर्यंत पोचला. तो गोचिडीमुळे पसरतो. परदेशातल्या वर्गात हा आजार क्वचितच निघतो, पण इथल्या पेपरात आणि इथल्या रानात त्याची गाठ पडू शकते.

प्रत्येक प्रकरणासाठी एकच रीत ठेवावी. इंग्रजी पुस्तक वाचावे, ते मिटून तोच विषय आईला कळेल अशा मराठीत पाच वाक्यांत मोठ्याने सांगावा. जिथे अडखळाल तिथे समज कच्ची आहे असे समजावे. मग इंग्रजी शब्द जोडवहीत उतरवून लगेच त्या विषयाचे पंचवीस प्रश्न पंचवीस मिनिटांत सोडवावेत. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहावेत. सहा महिने हाती असतील तर पहिले तीन विषयवार, पुढचे दोन मिश्र प्रश्नांचे आणि शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक पूर्ण तीनशे प्रश्नांचा पेपर एकाच दिवशी, अशी वाटणी करावी.

पालकांनो, इकडे लक्ष द्या

परीक्षा सुटेपर्यंत ‘बसून काय करतो’ म्हणून मुलाला कुणाच्या दवाखान्यात औषधे द्यायला बसवू नका. नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढचे धाकटे भावंड परदेशी पाठवायचे असेल तर एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परतल्यावर इथे आणखी १२ महिन्यांची करावी लागते. हे कागद पाहिल्याशिवाय सातबाऱ्यावर बोजा चढवू नका.

गावोगावच्या मराठी वाचनालयांनी आणि मंडळांनीही यात वाटा उचलावा. संध्याकाळी एक शांत खोली, एक टेबल आणि परीक्षा पार केलेल्या एखाद्या डॉक्टरचा आठवड्यातून एक तास, एवढे मिळाले तरी चार घरे सावरतील. अशी मुले एकत्र बसून मराठीत चर्चा करू लागली की इंग्रजी प्रश्नाची भीतीही ओसरते.

शेवटी ज्या खेड्यात हा डॉक्टर बसणार, तिथली म्हातारी त्याला मराठीत किंवा कानडीतच सांगणार, ‘छातीत भरून आल्यासारखं वाटतंय बाळा.’ ते ऐकून नेमका रोग ओळखण्याचे काम त्याला जन्मभर करायचे आहे. परीक्षेचा अभ्यासही त्याच रीतीने केला तर तो वाया जाणार नाही.