मोटारसायकलीचा फ्यूज वारंवार कां उडतो ?

पूर्वीं शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडी असे. आज बहुतेक दारांत मोटारसायकल उभी असते. दुधाचे कॅन डेअरीवर पोंचविणें, खताची गोणी आणणें, मळ्यांत मजुरांची न्याहारी नेणें, इतकीं कामें तिच्याकडून घेतलीं जातात. बैल लंगडूं लागला तर दोष खुरांत आहे कीं सांध्यांत, हें हातानें चांचपून सांगणारे जाणते शेतकरी अद्यापि पुष्कळ आहेत. परंतु गाडीचा फ्यूज उडाला कीं हेच गृहस्थ हतबुद्ध होतात, आणि सिगारेटच्या पाकिटांतील चांदी किंवा तांब्याच्या तारेचा तुकडा फ्यूजच्या जागीं बसवून वेळ मारून नेतात. ही संवय किती घातक आहे, व तिच्याऐवजीं दोषाचें मूळ घरच्या घरीं कसें शोधावें, हें येथें सांगावयाचें आहे.

विजेचा प्रकार पाण्याच्या पाटावरून चांगला समजतो. बॅटरी ही विहीर, तारा हे पाट, आणि दिवे, हॉर्न, इंडिकेटर हे वाफे. फरक इतकाच कीं, वीज आपलें काम करून पुन्हां बॅटरीकडे परत आलीच पाहिजे, व हा परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा होय. हल्लींच्या गाड्यांत बॅटरीचें ऋण टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें. (जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकीं कित्येकींत याच्या उलट, धन टोंक जोडलेलें आढळतें.) म्हणून धन टोंकाकडून निघालेल्या तारेचें आवरण झिजून आंतील तांबें सांगाड्याला लागलें, कीं वीज दिव्यापर्यंत न जातां तेथूनच परत फिरते. फुटक्या पाटाचें पाणी वाफ्यांत न जातां ओढ्याला मिळावें, तसेंच हें. यालाच शॉर्ट होणें म्हणतात. दिव्यांतील बारीक तार विजेला अडवीत असते. १२ व्होल्टवर २१ वॅटचा ब्रेकचा दिवा पावणेदोन अँपिअरच वीज घेतो. ही अडवणूक नाहींशी झाली म्हणजे लहानशी बॅटरीसुद्धां त्याच्या कित्येक पट प्रवाह एकदम ओतते.

अशा प्रसंगीं वाटेंतील एक बारीक दुवा वितळून मार्ग तुटावा, एवढ्यासाठींच फ्यूज असतो. लहान गाड्यांत तो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. चपट्या फ्यूजमध्यें लाल रंग १० चा, निळा १५ चा व पिंवळा २० चा समजावा. जुन्या गाड्यांत कांचेची नळी असे. फ्यूज उडाला म्हणजे त्यानें आपलें काम चोख बजावलें. त्याच्या जागीं जाड तार घातली कीं वितळण्याची पाळी आंतल्या तारांवर येते. जुडग्यांतील एक तार तापली म्हणजे शेजारच्या पांचसहा तारांचीं आवरणेंही वितळतात, आणि हा जुडगा पेट्रोलच्या टाकीच्या अगदीं खालून गेलेला असतो. जे रात्रीं गाडी गोठ्यांत किंवा कडब्याच्या गंजीशेजारीं लावतात, त्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

आतां शोधाची रीत. एकामागून एक नवे फ्यूज घालून ते उडवीत बसण्यांत कांहीं अर्थ नाहीं. ब्रेकच्या दिव्याचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा एक बल्ब, त्याचा होल्डर, व हातभर लांबीच्या दोन तारा घ्याव्या. तारांचीं मोकळीं टोंकें फ्यूजच्या दोन्ही खांचांत बसवावीं. गाडी उघड्या जागीं उभी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा, इंजिन सुरू करूं नये. किल्ली फिरवितांच बल्ब पूर्ण प्रकाशानें लागला तर शॉर्ट आहे असें निश्चित समजावें; मंद लागला किंवा लागलाच नाहीं, तर निदान त्या क्षणीं नाहीं. मंद प्रकाशाचा अर्थ असा कीं, वीज आणखी एखाद्या दिव्यांतून रीतसर जात आहे व दोघांत वांटली गेली आहे. ह्या युक्तीची खुबी अशी कीं, बल्ब मध्यें असल्यामुळें दोन अँपिअरहून अधिक वीज वाहूंच शकत नाहीं. तारा जळत नाहींत, व आपणांस स्वस्थपणें शोध करतां येतो. बॅटरी मात्र भरलेली पाहिजे, नाहींतर मंद व पूर्ण यांतील भेदच कळणार नाहीं.

पुढचा दिवा बॅटरीवर चालत असेल तर त्याचा कपलर आधीं काढून ठेवावा, कारण तो मोठा असल्यानें बल्ब उगीच उजळतो. १०० सी. सी. च्या पुष्कळ जुन्या गाड्यांत तो मॅग्नेटोवर चालतो. तेथें त्याच्या तारेंत शॉर्ट झाला तर दिवा जातो, फ्यूज उडत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आलें. त्यांत पंप व इंजिनाचें नियंत्रण करणारी पेटी स्वतः वीज ओढतात. अशा गाडींत दिवे व हॉर्न यांचा फ्यूज वेगळा असेल तर तेवढ्यापुरतीच ही रीत वापरावी; त्या पेटीच्या तारांना सुई टोंचण्याच्या भरीस पडूं नये.

रात्रीं दारें धरणारा माणूस पाणी कोठें जिरतें हें पाहण्यासाठीं एकेक दार बंद करीत जातो; येथेंही तेंच करावयाचें. किल्ली लावतांच बल्ब पेटला तर दोष मुख्य तारेंत. ब्रेक दाबल्यावरच उजळला तर ब्रेकच्या तारेंत, डावा इंडिकेटर लावल्यावर उजळला तर त्या बाजूस. मग मागच्या बाजूपासून एकेक कपलर सोडीत यावें. जो सोडतांच बल्ब विझेल, त्याच्या पलीकडे दोष आहे. होंडाच्या पद्धतीच्या गाड्यांत हिरवी तार सांगाड्याची, लाल थेट बॅटरीची व काळी किल्लीच्या पुढची असते. हिरवी उघडी पडून लोखंडाला लागली तर कांहींच बिघडत नाहीं. लाल वा काळी लागली तर शॉर्ट. इतर कारखान्यांचे रंग निराळे आहेत.

एक उदाहरण देतों. डेअरीला दूध घालणाऱ्या एका गृहस्थांच्या गाडीचा फ्यूज सकाळीं जातांना उडे, परत येतांना कधीं उडत नसे. कारागिरानें प्रथम बॅटरी बदलली, नंतर रेक्टिफायर बदलला. पैसे गेले, दोष राहिला. बल्ब लावून पाहिलें तेव्हां रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबला असतां तो मंद लागे, म्हणजे सर्व ठीक. हँडल दोन्ही बाजूंस वळवून पाहिलें, फरक नाहीं. मग भरलेले दोन कॅन मागें चढवून ब्रेक दाबला, आणि बल्ब एकदम लखलखला. कॅरिअरच्या एका लांब बोल्टाचें टोंक मडगार्डखालीं आलें होतें व ओझ्यानें तें ब्रेकच्या तारेंत रुतत होतें. येतांना कॅन रिकामे, म्हणून फ्यूज शाबूत.

ज्या स्थितींत फ्यूज उडतो तीच स्थिति निर्माण करून पाहणें, हाच ह्या शोधांतील मुख्य भाग आहे. खड्ड्यांत उडत असेल तर तारांचे जुडगे हातानें हालवावे. वळणावर उडत असेल तर हँडलच्या मानेपाशीं पाहावें, कारण तेथें तारा रोज शेंकडों वेळां वांकतात. याशिवाय टाकीच्या पुढच्या टोंकाखालीं, सीटखालीं बॅटरीच्या खोक्याच्या कडेस, सायलेन्सरच्या नजीक व इंडिकेटरच्या रबरी दांडींत झीज होते. धान्याच्या कोठीशेजारीं गाडी लावणारांनीं उंदरांच्या दातांचीं चिन्हें अवश्य शोधावीं. गाडी धुतल्यानें शॉर्ट झाला असें पुष्कळजण म्हणतात. परंतु साध्या पाण्यांतून १० अँपिअरचा फ्यूज उडण्याइतकी वीज सहसा वाहत नाहीं. पाण्यानें कपलरांत हिरवा कळंक चढतो, ती पीडा निराळी.

कांहीं वेळां फ्यूज उडत नाहीं, पण किल्ली बंद असूनही बॅटरी रात्रींत उतरते. अशा वेळीं ऋण टोंक सोडून, तें व त्याची तार यांच्यामध्यें अँपिअरवर लावलेला मीटर जोडावा. त्या अवस्थेंत सेल्फ मारूं नये. अर्धा अँपिअर जरी वाहत असला तरी ३ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारें सहा तासांत रिकामी होते. बहुधा किल्लीला वगळून थेट बॅटरीवर जोडलेला मोबाईलचा चार्जर किंवा बिघडलेला रेक्टिफायर याचें कारण निघतो. एकेक सोडून पाहावा.

दुरुस्तीच्या वेळीं बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडावें. धन टोंक आधीं सोडतांना पाना सांगाड्याला लागला तर ठिणगी उडते. झिजलेला भाग कापून तारा जोडाव्या, सांध्याला झाळ द्यावी व वर रबरी नळी चढवावी. नुसती टेप उन्हांत सुटते. तार ज्या कडेवर घांसत होती ती कड कानशीनें बोथट करावी किंवा तारेची वाट बदलून ती बांधून टाकावी. नाहींतर चार महिन्यांत तेथेंच पुन्हां झीज होईल. नंतर बॅटरी जोडावी, आणि बल्ब अजून फ्यूजच्या जागीं असतांनाच हँडल दोन्ही बाजूंस वळवावें, ओझें चढवून ब्रेक दाबावा, गाडी हालवावी. बल्ब एकदांही पूर्ण उजळला नाहीं, तर कारखान्यानें सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज घालावा, आणि तो बल्ब फडक्यांत गुंडाळून पान्यांच्या पिशवींत ठेवून द्यावा.