खांद्यावरचं चिन्ह

वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळातल्या स्पेस मरीनचा खांदा फार तर वाटाण्याएवढा. त्या गोलाव्यावर पांढरा, उलटा ओमेगा दिसला की समोरच्या खेळाडूला कळतं, ही अल्ट्रामरीन्सची फौज. दुसऱ्या खांद्यावरची खूण तुकडीचं काम सांगते आणि खांद्याच्या काठाचा रंग कंपनी सांगतो: तिसरीचा लाल, चौथीचा हिरवा. एका कंपनीत १०० सैनिक. असे १०० ओमेगा हातानं एकसारखे रंगवणारे कलावंत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बाकीच्यांसाठी ट्रान्सफर आहे. म्हणून ती कमी दर्जाची वाट ठरत नाही. नीट लावलेल्या ट्रान्सफरला स्वतंत्र हात लागतो.

छापलेलं चित्र एका पृष्ठभागावरून उचलून दुसऱ्यावर बसवण्याची ही विद्या जुनी आहे. १७५६ साली लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत १,२०० हून अधिक फरशांवर चित्रं उमटवल्याचं शपथेवर नोंदवलं. पुढे सिंगर शिलाई मशीनच्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी आली, तीही ट्रान्सफरच. आपल्याकडच्या कित्येक घरांत ती पिढ्यान् पिढ्या टिकली. १९५० च्या दशकात एअरफिक्स कंपनीच्या स्पिटफायर विमानाच्या जोडणी-संचासोबत विमानावरची वर्तुळं आणि अक्षरं मुलांच्या हाती पडली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या आणि आता नॉटिंगहॅममधून चालणाऱ्या गेम्स वर्कशॉपनं १९८७ मध्ये वॉरहॅमर ४०,००० आणला. त्यातल्या सैनिकांच्या खांद्यांवर आज हीच विद्या चालते.

ट्रान्सफरचा कागद म्हणजे थरांचा खेळ. तळाशी कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक लाखेची पातळ फिल्म आणि फिल्मवर शाई. रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर लागतो, नाहीतर निळ्या चिलखतावर पिवळं चिन्ह हिरवट दिसतं. घरच्या साध्या प्रिंटरला पांढरा छापता येत नाही, त्यामुळे स्वतःच्या फौजेचं चिन्ह घरी छापू पाहणारे बहुतेक जण याच थराशी अडतात.

चिन्ह छपाईच्या अगदी काठालगत कापायचं. फिल्मचा जितका मोकळा भाग उरेल, तितकी ती पुढे उघडी पडेल. मग चिमट्यात धरून कोमट पाण्यात बुडवायचं आणि लगेच बाहेर काढून ओल्या कागदावर ठेवायचं. वाटीतच तरंगू दिलं तर डिंक धुऊन जातो. अर्ध्या मिनिटात फिल्म कागदावर सरकू लागते; तिला ओल्या ब्रशनं खांद्यावर ढकलायचं.

खरी अडचण इथून सुरू होते. खांदा दोन्ही दिशांनी गोल आहे. सपाट पत्रा घडी न पडता, न ताणता गोलावर बसूच शकत नाही, हे गाउसनं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणितानं सिद्ध केलं. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढणाऱ्यांना जो नियम अडवतो, तोच इथे उलट बाजूनं अडवतो. त्यावर उपाय दोन. पहिला पात्याचा: फिल्मच्या काठापासून आत बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे जादा फिल्म एकमेकींवर सरकते. दुसरा रसायनाचा. मायक्रोस्केल कंपनीच्या मायक्रो सेट आणि मायक्रो सोल या दोन बाटल्या या छंदात जगभर चालतात. सेटला व्हिनेगरसारखा वास येतो. तो आधी खांद्यावर लावायचा, म्हणजे फिल्म धरते. सोल वरून लावायचा. तो फिल्मच मऊ करतो. सोल लागताच चिन्ह सुरकुततं आणि नवख्याला वाटतं, सगळं बिघडलं. त्या क्षणी बोट लावायचं नाही. मऊ झालेली फिल्म जरा ओढली तरी फाटते. वाळता वाळता ती स्वतःच खाली बसते, चिलखताच्या खिळ्यांवर आणि खाचांवर घट्ट होते. नाहीच बसली तर पुन्हा सोल.

एवढं करूनही तिरप्या उजेडात चिन्हाभोवती चंदेरी झाक दिसते, तिचं मूळ आधीच्या पायरीत असतं. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. त्या खाचांत हवा अडकते आणि उजेड विखुरते. म्हणून चिन्ह लावण्याआधी ग्लॉस वॉर्निशचा हात द्यायचा. गुळगुळीत झालेल्या जागेत हवेला थारा राहत नाही. माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत हीच पहिली आणि हीच सर्वांत जास्त वगळली जाणारी. घाई करणारा इथेच चुकतो आणि दोष ट्रान्सफरला देतो.

वर पुन्हा ग्लॉस, मग मॅट. मॅटनं चिन्ह आणि रंग यांची चकाकी एक होते आणि फिल्मची कड नजरेला सापडत नाही. माझी आवडती पायरी मात्र या दोन थरांच्या मधली आहे. स्पंजच्या तुकड्यावर चिलखताचाच निळा रंग घेऊन ओमेगाच्या कडांवर हलके टिपायचा, म्हणजे पांढरा जागोजागी उडाल्यासारखा दिसतो. खांद्यावर ओरखडे असतील तर ते चिन्हावरूनही पुढे न्यायचे. चिलखतानं जेवढी लढाई पाहिली, तेवढीच चिन्हानंही पाहिलेली दिसली पाहिजे. कोरं चिन्ह आणि खरचटलेलं चिलखत एकाच सैनिकाच्या अंगावर शोभत नाही.