दुष्काळाच्या जिल्ह्यात पुराचे पंचनामे

सोलापूरच्या महसूल कर्मचाऱ्याला दुष्काळ तोंडपाठ असतो. टँकर, चारा छावण्या, आणेवारी, रोजगार हमीची कामे यांतच कित्येकांची सारी नोकरी सरली. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र सीना नदी पात्राबाहेर आली आणि माढा, मोहोळ, करमाळ्यातल्या गावांत पुराचे पंचनामे करायची वेळ आली. वाहून गेलेल्या मातीची नोंद कशी करायची, हे करपलेल्या ज्वारीच्या अनुभवातून कसे कळणार?

सरकारी नोकराचे शिक्षण नोकरीच्या सुरुवातीला उरकून चालत नाही ते यामुळे. अधिकाऱ्यांसाठी पुण्यात ‘यशदा’ ही प्रशिक्षण संस्था आहे, केंद्राने २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम आणला. दोन्हींचे मोल आहेच. पण लोकांची गाठ रोज पडते ती तलाठी, ग्रामसेवक आणि खिडकीतल्या कारकुनाशी, आणि सर्वांत जास्त बदलले आहे तेही त्यांचेच काम. पूर्वी तलाठी पीक पाहणी करून गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, भरायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ आली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करू लागला. आता तलाठ्याने त्या नोंदी तपासायच्या आणि ज्याला फोटो चढवता येत नाही त्याला मदत करायची. नोंदणाऱ्याला शिकवणारा व्हायचे, तर त्याला नुसती ॲपची माहिती पुरत नाही, समजावून सांगण्याचा सरावही लागतो.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला मुदत घातली. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचे, अपिलाचा रस्ता दाखवायचा, आणि कसूर ठरली तर ५०० ते ५,००० रुपये दंड. दंडाची भीती लवकर बसते. कारण नीट, समजेल असे लिहिणे मात्र शिकवावे लागते, आणि माझ्या मते प्रशिक्षणात त्यालाच सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा.

सोलापुरात हे समजावणे कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटच्या सीमेवर कन्नड. महाराष्ट्रात नेमणूक झालेल्या परप्रांतीय आयएएस अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागते आणि ते योग्यच आहे. मग पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईचा अर्ज घेणाऱ्या कारकुनाला तेलुगूतली शंभर वाक्ये का शिकवू नयेत? घरच्या भाषेचे मोल दाखवणारे उदाहरण जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांवरचे त्यांचे क्यूआर कोड सर्वांना ठाऊक आहेत. मुलांच्या घरच्या भाषेत धडे नेण्याचे त्यांचे कामही त्या पुरस्काराच्या मागे होते.

शिकलेले टिकवण्यात बदल्यांचाही अडसर आहे. बदलीच्या २००५ च्या कायद्याने एका जागी साधारण तीन वर्षांचा काळ ठरवला आहे. माणसाला गाव कळते न कळते तोच त्याच्या बदलीचा आदेश येतो. कार्यभार देताना दप्तराची यादी होते. त्याबरोबर आठवडाभर जुन्याने नव्याला गावोगाव फिरवून नदीकाठची घरे, वादातले बांध, वाचता न येणारे खातेदार दाखवावेत. त्यासाठी नवा निधी लागत नाही, शासनाचा एक आदेश पुरेल.