प्रदक्षिणा आणि भुजज्या

कुरुंदवाडाजवळ पंचगंगा कृष्णेस मिळते, आणि शेजारच्याच नृसिंहवाडीस दत्तमंदिराला प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकांची रीघ असते. एखाद्यानें तीन प्रदक्षिणा घातल्या काय किंवा तेरा घातल्या काय, फेरी पुरी होतांच तो मूळ जागींच उभा असतो. पुण्याचा हिशोब निराळा. जागेचा हिशोब मात्र फेऱ्या विसरतो. त्रिकोणमितींतील आवर्तन तें हेंच.

कागदावर १ त्रिज्येचें वर्तुळ काढा. उजव्या टोकापासून निघून वरच्या बाजूनें परिघावर चालूं लागा. जेथें थांबाल त्या बिंदूचें आडव्या व्यासापासूनचें अंतर ती भुजज्या, उभ्या व्यासापासूनचें अंतर ती कोटिज्या. बिंदु आडव्या व्यासाच्या खालीं गेल्यास भुजज्या ऋण, उभ्या व्यासाच्या डावीकडे गेल्यास कोटिज्या ऋण.

आतां ११८५ अंशांची भुजज्या काढूं. छापील कोष्टकें ९० अंशांशीं थांबतात, म्हणून विद्यार्थी येथें गोंधळतो. पण प्रथम तीन फेऱ्यांचे १०८० अंश वजा करा; उरले १०५. १०५ आणि ७५ यांची बेरीज १८०. म्हणून हे दोन बिंदु उभ्या व्यासाच्या दोहों बाजूंस, सारख्याच उंचीवर येतात. अर्थात् भुजज्या तीच. कोटिज्या तितकीच, परंतु ऋण.

राहिले ७५, म्हणजे ४५ अधिक ३०. बेरजेची भुजज्या काढण्यास पहिल्याची भुजज्या दुसऱ्याच्या कोटिज्येनें व पहिल्याची कोटिज्या दुसऱ्याच्या भुजज्येनें गुणून दोन्ही गुणाकार मिळवावे. ४५ अंशांची भुजज्या व कोटिज्या दोन्ही ०·७०७. ३० अंशांची अनुक्रमें ०·५ व ०·८६६. उत्तर येतें ०·९६६. कोटिज्येसाठीं कोटिज्यांच्या गुणाकारांतून भुजज्यांचा गुणाकार वजा करावा. ७५ ची येते ०·२५९, म्हणून ११८५ ची उणे ०·२५९.

बेरजेचा हा नियम कांहीं परका नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील ‘सिद्धांतशिरोमणि’ ग्रंथाच्या ज्योत्पत्ति प्रकरणांत तो सांगितला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. विद्या नुसत्या पाठांतरानें टिकत नाहीं, हें त्या घराण्यानें ओळखलें होतें.

तेव्हां घरांतील मूल ऋणचिन्ह विसरलें, तर पाठ केलें नाहीं म्हणून त्याच्यावर रागावूं नका. त्याच्यापुढें एक वर्तुळ काढा आणि विचारा, “बाळ, प्रदक्षिणा पुरी झाल्यावर तूं कोठें उभा आहेस?” उत्तर त्याचें त्यालाच दिसेल, आणि एकदां दिसलेलें उत्तर परीक्षेच्या घाईंतहि सहसा विसरत नाहीं.